खंडेनवमीला बंद न केलेला संगणक

सोयाबीन खरेदी करणाऱ्या एका संस्थेच्या वर्ध्याच्या कार्यालयात मी संगणक सांभाळतो. शेतकऱ्यांची नोंदणी आणि टोकन नंबर एका मोठ्या संगणकावर असतात. देवळी आणि हिंगणघाटची केंद्रं इंटरनेटवरून त्यालाच जोडलेली आहेत. त्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत तो चारशे एकोणीस दिवस एकदाही बंद न होता चालला होता. रोज सकाळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो आकडा लिहायचो, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगायचो.

दसऱ्याच्या आधी सव्वीस दिवस ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांची सूचना आली. नेटवर्कवरून येणारी माहिती तुकड्यातुकड्यांनी येते. ते तुकडे जोडणाऱ्या भागात त्यांना चूक सापडली होती. कोणी मुद्दाम वेडेवाकडे तुकडे पाठवले, तर संगणक ते जोडण्यातच गुंतून पडायचा आणि बाकीचं सगळं काम थांबायचं. चोरी काही होत नाही, पण काम ठप्प. पाठवणाऱ्याला पासवर्डही लागत नाही. दुरुस्ती तयार होती. ती बसवायला वीसेक मिनिटं लागणार होती आणि संगणक एकदा बंद करून सुरू करावा लागणार होता.

म्हणजे आकडा पुन्हा एकवर. सूचनेपुढे मी 'हंगामानंतर' असं लिहून ठेवलं. हंगाम तेव्हा सुरूही झाला नव्हता.

खंडेनवमीला आम्ही वजनकाटा, प्रिंटर, पंचिंग मशीन, सगळं पुसून बंद ठेवलं. पूजा करत होत्या काउंटरवर टोकन देणाऱ्या ताई. आर्वीकडच्या गोंड घरातल्या, सहा वर्षांपासून कंत्राटावर.

"सर, आजच्या दिवशी अवजाराले आराम देतेत. पोळ्याले बैल कोणी जुंपते का? याले बी घडीभर बंद करा ना."

"ताई, हा बैल दमत नाही," मी म्हणालो. सगळे हसले. ताईंनी संगणकाच्या झाकणाला कुंकू लावलं आणि आंब्याच्या पानाने दोन थेंब पाणी शिंपडलं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी अकरा वाजता काउंटर थांबलं. पडद्यावरचा बाण हलेना. रांगेत त्रेसष्ट माणसं होती, मी मोजली होती. मॅनेजर बाहेर आले.

"काय झालं? काऊन थांबलं?"

मी तोपर्यंत काहीही तपासलं नव्हतं. सूचना मात्र लख्ख आठवत होती. मी म्हणालो, "पूजेचं पाणी आत गेलं असेल."

मॅनेजर ताईंकडे वळले. "तुले कोणी सांगतलं होतं पाणी शिंपडायले?"

"बाई, आंघोळच घातली काय मशीनले?" रांगेतून कोणीतरी ओरडलं, आणि रांग हसली.

"दोन थेंब होते सर, ते बी झाकणावर," ताई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी कीबोर्डकडे बघत होतो.

बंद करून सुरू केल्यावर संगणक चालला. दुपारी पुन्हा थांबला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेव्हा कुठे मी नोंदी उघडल्या. तिन्ही वेळी, थांबण्याच्या क्षणभर आधी, इंटरनेटवरच्या एकाच बाहेरच्या पत्त्यावरून तसेच वेडेवाकडे तुकडे आले होते. झाकण काढून पाहिलं. आत धुळीचा एकसारखा कोरडा थर होता. एक थेंब जरी पडला असता तर त्यात डाग दिसला असता. दुरुस्ती बसवायला अठरा मिनिटं लागली. त्यानंतर संगणक थांबला नाही.

तोवर ताईंना देवळीच्या गोदामात पोती मोजायला पाठवलं होतं. कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं, आणि मॅनेजर "पुढचं पाहू" म्हणाले होते. मी मॅनेजरना सांगितलं, "ठीक झालं आता." काय बिघडलं होतं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. असे नऊ दिवस गेले. मी 'असेल' म्हणालो होतो, 'आहे' नाही, एवढाच आधार धरून मी रोज जेवत होतो.

शेवटी सिंदी मेघेतल्या माझ्या घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "दूध पळीभर कमी भरलं तर दूधवाल्याले अंगणात उभं करता तुम्ही. आन् स्वतःचं?"

दुसऱ्या दिवशी देवळीची बस धरली. ताई खडूने पोत्यांवर खुणा करत होत्या. मी सूचना, सव्वीस दिवस, धूळ, सगळं सांगितलं. समोरची थप्पी मोजून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"साहेबाले सांगतलं?"

"लेखी देतो."

"लेखी कोण वाचते, सर? तुम्ही रांगेसमोर म्हटलं. रांगेत माझ्या गावचे दोघं होते. मी घरी पोचाच्या आधी गोष्ट पोचलती. सासू म्हणे, सरकारी मशीन बुडवून आली. रांगेसमोरच सांगा."

मॅनेजरनी माझं पत्र वाचून "एवढं कशाला लिहिलं?" असं म्हटलं, पण ताईंना परत बोलावलं आणि कंत्राट पुढे चालू ठेवलं. सोमवारी सकाळी त्या काउंटरवर बसल्या होत्या. मी रांगेपुढे उभा राहिलो आणि म्हणालो की त्या दिवशी संगणक पाण्याने बंद पडला नव्हता. दुरुस्ती मी टाळली म्हणून पडला, आणि दोष मी ताईंवर ढकलला.

"म्हंजे मशीन नाई, साहेबच हँग झालते," एक जण म्हणाला. मागून दुसरा: "अजी, ते राहू द्या, माझा नंबर कितवा ते सांगा."

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. रांगेत एक्केचाळीस जण होते आणि मी ओळखत होतो तितक्यांत त्या दिवशीच्या रांगेतलं कोणीही नव्हतं. मला मनातून बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

ताईंनी टोकनच्या यादीवरून बोट फिरवलं. "सर, आमच्या गावचे ते दोघं शुक्रवारी येतेत."

शुक्रवारी ते दोघं रांगेत होते, आणि मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी आवाज सोमवारपेक्षा बारीक निघाला, आणि रांगेच्या मागच्या टोकाच्या माणसाने मला पहिल्यापासून सांगायला लावलं.