मास्तरांची ऊब

इंदूर जुन्या मध्यभारत राज्यात होतं, तेव्हा आमच्या शेजारी शाळेत विज्ञान शिकवणारे एक मास्तर राहत. एकटे, अबोल. पण बशीत चहा ओतला की हमखास इंदुरी ढंगात म्हणत, "देखो भिया, गर्मी नेहमी गरमाकडून थंडाकडे जाते." आम्ही हसायचो.

एका हिवाळ्यात माझ्या वहिनीला दिवस भरण्याआधीच बाळ झालं आणि ते गार पडू लागलं. वहिनी तापाने ग्लानीत होती. आईने शेगडी पेटवायला घेतली.

"धूर नको, काकू," म्हणत मास्तर आत आले. सदरा काढून त्यांनी बाळाला उघड्या छातीशी धरलं, वरून रजई ओढली आणि तसेच बसून राहिले.

दुपारी बाळ खणखणीत रडलं. आईने डोळे पुसून हात पुढे केले.

"थोडं थांबा ना, काकू," मास्तर हळूच म्हणाले, "मलाही बरं वाटतंय."