ग्रुपवर टाकलं होतं

झरीच्या पुढच्या एका गावात मी नववीला इतिहास शिकवत होते. परभणीहून रोज स्कूटीवर जायचे. त्या वर्षी शाळेने प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप करायला सांगितलं. मी हौसेनं केला. या आठवड्यात कोणता धडा चाललाय, वही कधी तपासणार, चाचणी कधी, सगळं त्यावर टाकायचे. पालक अंगठे पाठवायचे. ते अंगठे पाहिले की आपलं काम झालं असं मला वाटायचं.

ग्रुप करताना हजेरीपट समोर ठेवून मी नंबर घेत होते. एक मुलगी उठून म्हणाली, "म्याडम, आमच्या घरी साधा फोन हाय. बटनाचा."

"मग मैत्रिणीकडून विचारत जा," मी म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं. तिच्या नावापुढची जागा कोरीच राहिली.

दिवाळीनंतर मी वर्गाला एक काम दिलं. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला त्याच्या लहानपणाबद्दल विचारायचं आणि वहीत लिहायचं. ज्यांना वर्गात येऊन बोलायचं असेल त्यांनी शनिवारी सकाळच्या शाळेत यावं. चारपाच जणांनी आजी-आजोबांची नावं दिली. साध्या फोनवाल्या मुलीनंही दिलं. "माझे आजोबा येणार हायेत. ते लय तयारी करायलेत," ती म्हणाली. एवढं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. एरवी ती तिसऱ्या बाकावर खाली मान घालून लिहीत बसायची.

शुक्रवारी दुपारी आदेश आला की शनिवारी परभणीला प्रशिक्षण आहे, मला जावं लागेल. शेवटचा तास नववीवरच होता. तेव्हा सांगू म्हणून मी कसलेसे फॉर्म भरत बसले. फॉर्म संपेपर्यंत शाळा सुटली. वर्ग रिकामा झालेला, फळ्यावर दुसऱ्याच कुणाची गणितं. मी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं, "उद्याचा इतिहासाचा कार्यक्रम सोमवारी होईल. सर्वांनी नोंद घ्यावी." घरी पोचेपर्यंत दहाबारा अंगठे आले होते.

सोमवारी कार्यक्रम चांगला झाला. एका आजीने नदीवरून पाणी आणायच्या वाटेची गोष्ट सांगितली. एका निवृत्त पोस्टमननी सायकलवरून वाटलेल्या पत्रांच्या गमती सांगितल्या, मुलं खळखळून हसली. मी फोटो काढून तिथल्या तिथे ग्रुपवर टाकले. "स्तुत्य उपक्रम," एका पालकाने लिहिलं.

शेवटी मी त्या मुलीला विचारलं, "तुझे आजोबा नाही आले?"

ती उभी राहिली. "शनिवारी येऊन गेले, म्याडम."

पुढचं मला शिपायाकडून कळलं. म्हातारे सकाळी सातच्या आत येऊन बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, धोतर, हातात पिशवी. शिपायानं सांगितलं, म्याडम परभणीला गेल्यात. ते म्हणाले, "बोलावलंय तर येतील की." त्याने खुर्ची आणून दिली, ती त्यांनी बाजूला ठेवली आणि जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात खांबाला टेकून जमिनीवर बसले. मधल्या सुट्टीत नात त्यांच्याजवळ जाऊन बसली. घरी चला म्हणाली. ते गेले नाहीत. शाळा सुटायची घंटा झाली तेव्हा तिच्याबरोबर उठून गेले.

"मला फोन का नाही केलास?" मी शिपायावर चिडले.

"मला वाटलं तुमी त्यांना सांगितलं असंल, तरीबी बसलेत. ग्रुपवर टाकलं व्हतं न्हवं?"



दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. घर गावाच्या कडेला, बुद्धविहाराच्या मागे. म्हाताऱ्यांनी मला आत बोलावलं, सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"तुमचा काय दोष न्हाई, म्याडम. तुमी फोनवर टाकलं व्हतं म्हणं. आमाला कळलं न्हाई, एवढंच."

"पुढच्या आठवड्यात याल का? मी स्वतः न्यायला येते."

"आता कशाला? लय मोठं सांगायचं न्हवतंच." मग त्यांनी विचारलं, "पोरगी कशी हाय अभ्यासात?"

हुशार आहे, मी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद दिसला. ते तिच्या मार्कांबद्दल, पुढे तिला काय शिकवावं याबद्दल बोलत राहिले. मी दोनदा विषय शनिवारकडे वळवला, दोन्ही वेळा त्यांनी तो हळूच बाजूला सारला. चहा घेऊन मी निघाले. दारापर्यंत सोडायला आले. "जयभीम, म्याडम. येत जा."

मुलांच्या वह्यांचा गठ्ठा त्या शुक्रवारपासून माझ्या कपाटात पडून होता. त्यांच्या घरून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी तो उघडला. तिच्या वहीत सुवाच्य अक्षरात एकच परिच्छेद होता. आजोबांचं गाव हेच, आजोबा याच शाळेत शिकले. 'पहिली दोन वर्षं त्यांना वर्गात बसू दिलं नाही. ते बाहेर व्हरांड्यात बसून ऐकायचे. मग एक दिवस ते आत गेले. ते कसे गेले हे आजोबा स्वतः वर्गात सांगणार आहेत.' खाली उरलेलं पान तिने रिकामं सोडलं होतं. वर लिहिलं होतं, 'शनिवारी भरायचे.'

शिक्षक खोलीत मी एकटीच होते. मी वही मिटली. शुक्रवारी हे पान वाचलं असतं तर मी प्रशिक्षणाला निघण्याआधी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले असते, असं स्वतःला सांगू लागले. गेले असते का, कुणास ठाऊक. एका वाक्याचं काम होतं. वर्गात जाऊन बोलायचं, नाहीतर एका घराची कडी वाजवायची. मी ते बोटानं उरकलं होतं.

त्यानंतर मी प्रत्येक सूचना फळ्यावर लिहू लागले, मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावू लागले, खाली घरच्यांची सही किंवा अंगठा. ज्यांच्या घरी साधा फोन आहे त्यांना स्वतः फोन करते. सहकारी हसतात, एवढं कशाला म्हणतात. मी पुढचा नंबर लावते. त्यातून त्या शनिवारचं काही भरून निघत नाही, हे मला माहीत आहे.

मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. अकरावीला परभणीला जायचं म्हणून दाखला न्यायला आली. मी तिला थांबवलं.

"आजोबांनी तुला सांगितलं का गं? ते आत कसे गेले ते?"

"हो. मागच्या उन्हाळ्यात सांगितलं."

"मला सांगशील?"

तिने जरा विचार केला. पूर्वीसारखी मान खाली घातली नाही, सरळ माझ्याकडे बघितलं. "त्यांना विचारावं लागंल, म्याडम. त्यांना वर्गात सांगायचं व्हतं."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "विचार."

तिने दाखला पिशवीत ठेवला, वाकून नमस्कार केला आणि गेली. तिचा काही निरोप आला नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.