दारूच्या दिवशीची गोळी

नागसेनचा दिवस पहाटे पाचला सुरू होई. केडगावच्या अंगाला रविराजशेठच्या गुऱ्हाळावर तो गुळव्या होता. रस आटल्यावर काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, नेमकी कधी उतरवायची, हे तो ठरवी. जाळ जास्त झाला तर गूळ करपतो, कमी पडला तर ढेप बसत नाही. त्याचा अंदाज चुकत नसे. बिनसायचं ते डोकं.

डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात. मन चढलं की झोप उडे. अशाच भरात एकदा त्यानं म्हशीच्या पारडाचं बारसं घातलं, बँड लावून. गाव पोटभर जेवलं. मग मन उतरलं, की महिनाभर गोधडीत. चढल्यावर शांत व्हायला प्यायचा, उतरल्यावर उठून बसायला प्यायचा. दारूनं झोप मोडे, झोप मोडली की पुन्हा चढ.

गोळ्या चालू होत्या, तरी दर हंगामात घसरण ठरलेली. शेवटी दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला, राजश्रीला, खोदून विचारलं.

"पिल्याल्या दिवशी ते गोळी घेत न्हाईत, मॅडम. दारूवर औषध चालत न्हाई म्हणत्यात."

"नाहीच चालत. मग त्यातलं सोडायचं कोणतं, नागसेनराव?"

इतकी वर्षं नागसेन इमानानं गोळीच सोडत आला होता.

दोन्ही दुखण्यांवर एकदमच उपचार झाले. दारू सुटावी म्हणून काही दिवस दवाखान्यात काढले. रात्रीचं जागरण बंद, असं बाईंनी बजावलं. मग रात्रीची काहील त्याचा जोडीदार रोहिदास सांभाळू लागला.

शेठ कुरकुरले, "गुळव्या हाय का कलेक्टर?" पण गूळ पाहिला आणि गप्प बसले.

खरी कसोटी हंगाम उठला त्या दुपारी. शेवटची काहील उतरली की बोकड शिजतो, आणि पहिला ग्लास गुळव्यानं घ्यायचा. त्याशिवाय कुणी घास घेत नाही, अशी तिथली रीत. राजश्री भाकरी थापता थापता बघत होती. ग्लास पोटात गेला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, हे ती जाणून होती.

रोहिदासनं भरला. "घ्या दादा. एकानं काय हुतंय?"

"एकानं काय हुतंय, ते हिला इचार. बारशाची भांडी हिनंच घासल्यात."

हशा पिकला. नागसेननं ग्लास उचलला, कपाळाला लावला आणि रोहिदासच्या हातात दिला.

"मान माझा, माल तुझा. चला, रस्सा वाढा!"

काहील उतरवायला चार माणसांचा जोर लागतो. ग्लास असा परत द्यायला त्याहून जास्त लागतो. तो बघणाऱ्याला दिसत नाही, एवढंच.

राजश्रीला दिसला. तिची भाकरी तव्यावर टम्म फुगली आणि करपलीही.

पुढचा हंगामही त्यानं पुरता केला. त्या मजुरीतून स्कूटी आली. चालवते राजश्री. नागसेन मागं बसतो आणि पाटसच्या रस्त्यावर ओरडतो, "अगं, हळू!"