पिल्लाला करमावं म्हणून

ताटात दुसरी भाकरी टाकली की मावशी क्षणभर तिथंच थांबायच्या आणि विचारायच्या, "करमतंय ना?"

लवळ्याच्या होस्टेलांवर नव्यानं आलेली मुलं या प्रश्नानं गोंधळून जायची. पाटण्याच्या एका मुलाला कितीतरी दिवस वाटत होतं, मावशी आणखी वाढू का असं विचारतायत. तो ताटावर हात आडवा धरून "बस, बस" म्हणायचा. मावशींना ते उत्तर पुरेसं वाटायचं नाही. त्या आम्हा बाकीच्यांकडे बघून म्हणायच्या, "न्हाई करमत वाटतं त्येला."

मी तिथल्याच एका ग्रंथालयात नोकरीला. दुपारी जेवायला मावशींच्या मेसमध्ये जायची. पत्र्याची लांबट शेड, पुढं टेबलं, मागं स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक खोली. नवरा तरुणपणीच गेला, त्यानंतर याच मेसवर त्यांनी एकुलती एक मुलगी वाढवली, शिकवली, तिचं लग्न लावून दिलं. मुलगी हिंजवडीत नोकरी करायची आणि मारुंजीला राहायची. आम्हाला एवढंच माहीत होतं. तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील, की ज्यांच्या हातचं आपण वर्षानुवर्षं जेवतो आणि ज्यांच्या घरात कोण कसं आहे हे विचारायचं आपल्याला कधी सुचत नाही.

शेडमागं मावशींच्या गावठी कोंबड्या असायच्या. त्यातली एक अंड्यांवर बसली आणि तिची पिल्लं निघाली. एका सकाळी डब्यांच्या गडबडीत मावशी कोंबड्या झाकायच्या डालग्यावर दगड ठेवायला विसरल्या. मुंगसानं कोंबडी मारली, पिल्लं नेली. सरपणाच्या लाकडांत दडून बसलेलं एक तेवढं वाचलं.

"माझ्या हातनं झालं," त्या दिवशी त्या प्रत्येकाला सांगत होत्या. मुलं म्हणाली, मावशी, असं होतं कधीकधी.

पिल्लू स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आलं. तेलाच्या पिशव्यांचं रिकामं खोकं, तळाला भाताचं तूस, वरून टांगलेला पिवळा बल्ब. पिल्लू बल्बपासून लांब सरकलं की मावशी बल्ब वर घ्यायच्या, अगदी बल्बखालीच घुटमळलं की खाली सोडायच्या. झाकणात पाणी, त्यात बुडू नये म्हणून खडे. उबेची सोय झाली, पोटाचीही झाली. तरी ते ओरडायचं थांबेना. एकटं पिल्लू कसं ओरडतं ते ऐकलंय तुम्ही? उंच, तुटक, एकसारखं.

जीवशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीनं फोनवर काहीतरी वाचलं आणि म्हणाली, "मावशी, ते बोअर होतंय."

"म्हंजी?"

"करमत नाहीये त्याला."

तो शब्द मावशींना नेमका लागला. त्या हातातला झारा ठेवून खोक्यापाशी जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून खोक्याचा संसार सुरू झाला. आत एक आरसा उभा राहिला. पिल्लू त्याला अंग टेकून झोपलं. कोथिंबिरीची जुडी दोऱ्यानं अशी टांगली, की उडी मारल्याशिवाय चोच पोचू नये. बांधावरून मातीसकट उपटलेलं गवताचं ढेकूळ आलं. त्यातल्या मुंग्या टिपण्यात त्याची सकाळ जायची. अंग घोळायला एका ताटलीत राख, बसायला आडवी काडी. फरशी पुसायच्या नव्या मॉपच्या दोऱ्या एका कोपऱ्यात लोंबू लागल्या. आईच्या पोटाखाली शिरावं तसं पिल्लू त्यात शिरायचं. आणि ते चिवचिवलं की मावशी, मग हातात उकळतं पातेलं का असेना, उत्तर द्यायच्या, "हाय, हाय. हितंच हाय मी."

बुधवारी मेसला चिकन असायचं. मांसाची पिशवी आली की मावशी खोक्यावर टॉवेल टाकायच्या. एक मुलगा हसला. "मावशी, त्याला काय कळतंय?"

"त्येला न्हाई कळत," मावशी म्हणाल्या. "मला कळतंय की."

परीक्षांच्या दिवसांत ग्रंथालय रविवारीही उघडं होतं. अशाच एका रविवारी मावशींची मुलगी आली. गव्हाळ, शांत, मोजकं बोलणारी. मी शेवटी जेवत होते. मुलं निघून गेली होती. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आईकडे बघत होती. मावशी खोक्यावर वाकून कोथिंबिरीची जुडी बदलत होत्या, पिल्लाशी बोलत होत्या.

"कितीदा जातेस गं त्याच्यापाशी?" मुलीनं विचारलं.

"एकटं हाय ना. वरडून वरडून मरंल."

मुलगी शेजारच्या खोलीकडे बघत सहज म्हणाली, "मला त्या खोलीत ठेवून बाहेरनं कडी लावायचीस तू."

मावशींचा हात थांबला. "स्टो पेटल्याला असायचा. तेल उकळतंय, पातेली उकळतायत. कुटं ठिवणार हुते तुला? भाजली असतीस म्हंजी?"

"मला माहितीय, आई. मी काही तक्रार नाही करत."

"मग?"

"काही नाही. दाराखालच्या फटीतनं तुझे पाय दिसायचे. मी पालथी पडून ते बघत बसायचे. आधी रडायचे. मग पाय दिसले तरी बास व्हायचं."

एवढं बोलून तिनं माझं रिकामं ताट उचललं आणि घासायला नेलं. मावशी खोक्यापाशीच बसून राहिल्या. पिल्लू चिवचिवत होतं, पण त्या दिवशी त्यांनी त्याला उत्तर दिलं नाही.

पुढं आठवडाभर भाजीत कधी मीठ जास्त, कधी मुळीच नाही. हात धुताना एकदा त्या माझ्यापाशी आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भांडली असती तर बरं झालं असतं वो. म्या काय तरी बोलले असते. तिनं ताटं घासली."

मी म्हटलं, तुम्ही तिच्यासाठीच राबत होता.

"व्हय. पर तिला पायच दिसलं."

त्यानंतर गुरुवारी दुपारची मेस बंद राहू लागली. घरून काम करण्याचा मुलीचा तो दिवस. मावशी डबा घेऊन मारुंजीला जायच्या. मुलगी लॅपटॉपपुढं, मावशी पलंगाच्या कडेला, असा सगळा दिवस. त्या मला सांगायच्या, "काय बोलावं सुचत न्हाई. आपली बसती." पिल्लाला पंख फुटले, ते इतर कोंबड्यांत गेलं. त्यांनी आधी टोचलं, मग जवळ केलं. खोकं रद्दीत गेलं.

मुलीला बाळ झालं आणि तिची रजा संपत आली तेव्हा मावशींनी मेस बंद केली. कोंबड्या नांदे गावच्या भाचीकडे दिल्या. आता त्या शेडमध्ये मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. जेवायचा प्रश्न मी कसाबसा सोडवला आहे.

गेल्या महिन्यात मारुंजीला जाऊन आले. दार मुलीनं उघडलं, ती नुकतीच ऑफिसातून आली होती. आत नात झोपली होती आणि तिच्याशेजारी, फरशीवर, मावशी एका कुशीवर पडल्या होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली, पण उठल्या नाहीत. "च्या तुमीच टाका," एवढंच पुटपुटल्या. आयुष्यात त्यांनी मला कधी गॅसपाशी फिरकू दिलं नव्हतं.

"दुपारपासून अशीच पडली असेल," मुलगी म्हणाली. "उठ आई, अंग आखडेल. मी आलेय ना आता."

"ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाल्या. "डोळं उघडल्यावर तोंड दिसलं पायजे."

मुलीनं पर्स खुर्चीला अडकवली, कपाटातून एक उशी काढली आणि आईचं डोकं उचलून त्याखाली सरकवली.