लाल शाईची शाबासकी

शहरातल्या छावणी भागात रसवंतीवर घुंगरं वाजली, उसाचा गोड वास आला, की माझा हात ग्लासाकडं जातच नाही. देवगाव रंगारीजवळच्या शाळेतला तो शनिवार आठवतो.

मी नववीला इंग्रजी शिकवायचो. त्या दिवशी भविष्यकाळ घेतला होता. नुसतं मनात असेल तर एक रूप, सगळं ठरून गेलं असेल तर दुसरं. "आता ठरलेल्या गोष्टीवर एक वाक्य लिहा," म्हणालो आणि साठ वह्या एका बैठकीत तपासून टाकल्या. मीराचं वाक्य अगदी अचूक होतं. लाल शाईनं खूण केली, खाली 'शाब्बास' लिहिलं.

सोमवारी तिची जागा रिकामी होती. "मीरा कुठंय गं?" मी शेजारच्या मुलीला विचारलं.

"सर, ती गेली ना आज पहाटं आईबापासंग ऊसतोडीला. धाकट्या भावाला सांभाळायला. तुमाला तर वहीत लिहून दिलं व्हतं तिनं."

लिहिलं होतं. मी फक्त क्रियापद तपासलं.

मीरा पुन्हा शाळेत आली नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावातच वसतिगृह होतं. तिच्या आईबापाला एकदा भेटून तिला तिथं ठेवा म्हणायला हवं होतं, एवढंच. अख्खा रविवार माझ्या हातात होता.