टीचरना तू कोण म्हणणार

सालोमी लोपीस रस्त्यानं चालली की सायकलवरची माणसं खाली उतरत. एसटीत चढली की कुणीतरी उठून जागा देई, आणि शेजारचा माणूस अंग चोरून बाकड्याच्या कडेला टेके. गास आणि आजूबाजूच्या गावांत तिच्या हाताखालून गेलेलं पोर नाही असा एकही उंबरा नव्हता. तीस-एक वर्षं ती मराठी शाळेत इंग्रजी शिकवत होती. वडील लवकर गेले, भावंड नाही, आईचं दुखणं लांबलं. स्थळं आली तशी गेली. घरात दोघीच.

सत्त्याण्णव साली आई गेली. चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाली, पाहुणे पांगले आणि सालोमी पुन्हा वर्गावर उभी राहिली. नववीला त्या दिवशी तिनं फळ्यावर आदराचे शब्द लिहिले : रिस्पेक्ट, ऑनर, एस्टीम, रिव्हियर.

"रिस्पेक्ट शेजाऱ्यालाही देता येतो," ती समजावत होती. "ऑनर चारचौघांत करायचा. एस्टीम मनातली किंमत. आणि रिव्हियर म्हणजे ज्याच्यापुढे आपला आवाज आपोआप खाली येतो."

पुढच्या बाकावरची पूर्वी उठली. "टीचर, पण इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच ना? दोन्हीला यू. मग मोठ्यांना मान द्यायचा कसा?"

"म्हणून तर त्यांना इतके शब्द लागतात."

वर्ग हसला. पूर्वी बसली नाही. "मग आपल्या माणसालाही यूच? आपलं कोण ते कळणार कसं?"

सालोमी फळा पुसू लागली. घंटा झाली म्हणून निभावलं.

संध्याकाळी ओट्यावर बसून ती आठवू लागली, आपल्याला तू म्हणणारं कोण उरलं? "सालू, जेवलीस का गं?" असं घरच्या बोलीत विचारणारी आई गेली. मामा-मावश्या कधीच गेल्या होत्या. शाळेत सगळे टीचर म्हणत, बाजारात टीचर. चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला, प्रायश्चित्ताला गेली तर जाळीपलीकडचा तरुण फादर, तिचाच विद्यार्थी, आवाज ओळखून गडबडला होता : "टीचर, तुम्ही?" तिच्याच्यानं मग पापं सांगवेनात. प्रार्थनेत ती देवाला तू म्हणे. देवाकडून उत्तर येत नसे, आलं असतं तर कदाचित त्यानंही तुम्हीच म्हटलं असतं.

दोन हजार एक साली ती निवृत्त झाली. मानपत्र उन्नतीनं लिहिलं, इंग्रजीत. उन्नती तिचीच विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत शिक्षिका. रिस्पेक्टेड, ऑनर्ड, एस्टीम्ड, रिव्हियर्ड, सालोमी दरवर्षी फळ्यावर लिही त्यातला एकही शब्द तिनं सोडला नव्हता. टाळ्या पडल्या, नारळ झाला, शाल झाली. परतताना रिक्षात सालोमी एकदम म्हणाली, "उन्नती, आता मी काही तुझी टीचर नाही. मला तू म्हणशील?"

उन्नती हसली, मग टीचर थट्टा करत नाहीत हे पाहून घाबरली. "टीचर... तू..." एवढंच म्हणाली आणि तिनं हात जोडले. "नाही हो होत. जीभच रेटत नाही."

"राहू दे," सालोमी म्हणाली. पोरीला उगाच संकटात टाकलं असं तिला वाटलं.

त्यानंतर तिला शकू आठवली. शकू शेजारच्या वाडीवाल्यांची मुलगी. दोघी एका पाटीवर शिकल्या, वाडीतल्या एकाच बावखलात, त्या गोड्या पाण्याच्या तळ्यात, डुंबल्या. लग्न होऊन शकू आगाशीला गेली आणि येणंजाणं सुटलं. आता सासरची वाडी विकून मुलासुनेबरोबर एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये राहते, असं कळलं होतं. सालोमी मोगऱ्याचे गजरे घेऊन तिथं गेली.

दार शकूनंच उघडलं. ओळखलंही लगेच. पण पदर सावरत म्हणाली, "अगंबाई! टीचर! या ना, बसा."

"शकू, मी तुला तुम्ही कधीपासून झाले?"

"असं कसं? आमची सून सुरुची तुमच्याकडेच शिकली. ती काय म्हणेल?"

बोलणं गुडघ्यांवर आलं, साखरेवर आलं. मग लहानपणच्या गोष्टी निघाल्या, शकूचं चांदीचं पैंजण बावखलात पडलं होतं ते निघालं.

"तुमच्याच हातून पडलं ते," शकू हसत म्हणाली.

"छे! तुझं तूच पाडलंस."

शकू ताठ बसली. "खोटं बोलू नकोस हां सालू! तूच काढायला लावलंस, बघू बघू म्हणून. मार मी खाल्ला बापाचा, आणि तू मेली जांभळीमागं लपून बसलीस!"

सालोमीचे डोळे भरून आले. "हो गं. माझ्याच हातून पडलं."

तेवढ्यात सुरुची चहा घेऊन आली. शकूनं पदर खांद्यावर ओढला. "घ्या टीचर. साखर कमीच घातलीय."

पुढं दीड-दोन वर्षं सालोमी दर गुरुवारी जात राहिली. मुद्दाम वाद उकरून काढी. बहुतेक वेळा शकू हसून सोडून देई. कधी मात्र पेटे, आणि मग पाच-दहा मिनिटं दोघी फ्रॉक-परकरातल्या होत. घरात कुणी नसलं तर जास्त वेळ. तेवढ्यावर सालोमीचा आठवडा निघे.

मग शकूच्या मुलाची नाशिकला बदली झाली. निघायच्या दिवशी टेम्पो खाली उभा होता, नातवंडं पाया पडली, सुरुचीनं वाकून नमस्कार केला. सगळ्यांसमोर शकूनंही हात जोडले. "सांभाळून राहा टीचर." सालोमीला भांडायचं होतं, पण विषय सुचेना. टेम्पो वळेपर्यंत ती उभी राहिली.

परतताना ती बाजारात उतरली. मासळीवालीपुढं रांग होती. टोपलीमागून भागूबाईनं तिला पाहिलं आणि ओरडली, "ए, सरका गं बायांनो! टीचरना आधी देते. त्यांना ताटकळत नाय ठेवायचं." बायका लगबगीनं बाजूला झाल्या, मधे मोकळी वाट झाली.

"नको," सालोमी म्हणाली. "मला कसलीच घाई नाही."

ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिच्या पुढची बाई सावलीतून दोन पावलं उन्हात सरकली, टीचरना सावली मिळावी म्हणून.