बाजारच्या बाजारी एक गोळी

गंगासागर चौथीत माझ्याकडे शिकायला होती. पाटी दाखवण्याआधी स्वतःच दोनदा तपासायची. पुढे ती नर्स झाली आणि आष्टीकडच्या एका दूध संस्थेच्या दवाखान्यात आमवाताचे रोगी सांभाळू लागली. डॉक्टर महिन्यातून एकदा येत; एरवी सगळं तिच्यावर. हा आजार बरा होत नाही, जन्मभर सांभाळावा लागतो. त्याची एक जहाल गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते; जास्त झाली तर जिवावर बेतते. वार विसरणाऱ्या बायांना तिने गावच्या आठवडी बाजाराची खूण देऊन सोपं करून सांगितलं होतं, "बाजारच्या बाजारी घ्यायची."

दुष्काळाच्या साली संस्थेने लांब माळावर चारा छावणी उघडली. कडूबाई दोन गाई घेऊन तिकडे गेली, सोबत दोन महिन्यांच्या गोळ्या. तिसऱ्या आठवड्यात दुधाच्या गाडीवरचा गहिनीनाथ सहज बोलला, "कडूबाईचं तोंड लई आलंय. पाणीबी गिळंना. उष्णता झाली म्हणं."

गंगासागर तशीच उठून त्याच्या गाडीत बसली.

कडूबाई उसाच्या पाचटाच्या छपराखाली तापाने फणफणत पडली होती.

"गोळी कवा घेता, मावशी?"

"तुमी सांगितलं तशी. बाजारच्या बाजारी."

"हितं बाजार कवा असतो?"

"सोमवारी खालच्या गावचा, गुरुवारी सडकंवरचा, शनवारी छावणीतच."

आठवड्याला तीन! गोळ्यांचं पाकीट रिकामं झालं होतं.

"उठा मावशी. मोठ्या दवाखान्यात जायचं. आत्ता."

"अन् गाई? सांजच्या हजेरीला मालक न्हाई दिसला तर नाव काटत्यात. मी न्हाई येत."

"मरून जाल!" गंगासागर ओरडली. मग तिच्याजवळ खाली बसली. "चूक माझी हाय, मावशी. मी वार सांगायला पाहिजे होता."

कडूबाई गाईंकडे बघणं सोडेना. शेवटी गंगासागर छावणीचे कारकून मोहनराव यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"नियम हाय, सिस्टर," ते म्हणाले. मग त्या छपराकडे एकदा पाहून हळूच बोलले, "जावा तुमी. गाईंचं बघतो मी. रोज सांजला माझा चष्मा हरवणार हाय."

मोठ्या दवाखान्यात पहिले चार दिवस डॉक्टरही खात्री देत नव्हते. रक्त पार उतरलं होतं. बाराव्या दिवशी कडूबाईने मऊ भात खाल्ला.

त्यानंतर गंगासागर एकतीस रोग्यांच्या दारी जाऊन आली. ज्या बाया महादेवाचा सोमवार धरत, त्यांना सोमवार दिला. इतरांना त्यांच्या त्यांच्या सोयीचा वार.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली तेव्हा कडूबाई म्हणाली, "महादेव तरी आठवड्यात एकदाच येतो ना, सिस्टर?"

गंगासागर हसली नाही. "वार सांगा."

"सोमवार."

"पुन्हा सांगा."